बढती मिळालेल्यांसाठी प्रार्थना

अंधेरीच्या ज्या हॉस्पिटलात मी इतकी वर्षं नोकरी करते आहे, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एका शुक्रवारी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "सिस्टर, पुढच्या महिन्यापासून मेट्रन तुम्ही." कुणालाही आनंद व्हावा अशी गोष्ट. माझ्या मात्र डोळ्यांपुढे मामा उभे राहिले, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. "सोमवारी सांगितलं तर चालेल का?" मी विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. असं उत्तर त्यांना आजवर कोणी दिलं नसावं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते आमच्या अख्ख्या मंडळीचे मामा होते. मंडळी म्हणजे आमचं गोरेगावचं मराठी चर्च. आम्ही नगरकडून आलेली ख्रिस्ती माणसं त्याला अजून देऊळच म्हणतो. तिथे दर रविवारी उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना मामांकडे असायची. जे अडचणीत आहेत त्यांची नावं घ्यायची आणि त्यांच्यासाठी देवाकडे मागायचं. आधी आजारी, मग ज्यांच्या घरचं कोणी गेलंय ते, मग प्रवासातले. जगातल्या कुठल्याही देवळात ही प्रार्थना इथेच संपत असेल. मामांची संपायची नाही. ते घसा खाकरायचे आणि त्याच सुरात पुढे म्हणायचे, "आणि हे प्रभू, आमच्या साळवे बंधूंना या आठवड्यात बढती मिळाली आहे. त्यांच्यावर दया कर. त्यांच्या घरच्यांना धीर दे."

पहिल्या पहिल्यांदा लोक तोंडाला रुमाल लावून हसायचे म्हणे. मी जाणती झाले तोवर ते हसणं बंद झालं होतं. योगायोग म्हणा, पण साळव्यांचं पुढे खरंच बिनसलं. आधी ते ऑफिसातच राहायला लागले, मग प्यायला लागले, मग देवळात येईनासे झाले. तेव्हापासून मामांच्या तोंडी आपलं नाव येणं म्हणजे दारावर नोटीस लागल्यासारखंच झालं. कोणी मालाडला मोठं घर घेतलं तर "भाड्याचं आहे हो" म्हणून सांगायचं. कोणाचा मुलगा परदेशी निघाला तर त्याला विमानात बसवेपर्यंत शेजारच्या बाकावरच्यालाही पत्ता लागू द्यायचा नाही.

आमच्यात काही चांगलं झालं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवायची पद्धत आहे. पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, येतात, गीतं होतात आणि ज्याचं भलं झालं तो उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय काय केलं ते सांगतो. खरं विचाराल तर आपण काय काय मिळवलं तेच सांगतो, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेपटीला देवाचं नाव बांधतो. मग केक आणि सामोसे. तर ही सभा मामा गावाला गेलेले असताना उरकून घ्यायची, असा एक न ठरवलेला नियम होऊन गेला होता. बायका मामींना आडून आडून विचारायच्या, "काय मामी, यंदा गावाकडं कधी?" मामी सगळं ओळखून असायच्या. "का गं? कोणाचं काय झालं एवढं चांगलं?" असं त्या मोठ्यानं विचारायच्या आणि विचारणारीला पळता भुई थोडी व्हायची.

मामा नोकरीला होते गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत. लाइटमन. सेटच्या डोक्यावर लाकडी फळ्यांचा तराफा टांगलेला असतो. त्यावर चढून दिवे लावायचे आणि कॅमेरावाला म्हणेल तसे फिरवायचे. हिरो-हिरोइनींना आम्ही पडद्यावर समोरून बघायचो, मामा त्यांना वरून बघायचे. "वरून सगळ्यांचा भांगच दिसतो," म्हणायचे. उंच, काटकुळे, उजव्या हातावर दिव्यानं पोळल्याचा डाग, आणि आयुष्यभर झगझगाट बघितल्यामुळे डोळे कायम मिचमिचे केलेले. कोणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी जास्तीचे दिवे बंद करायचे. यजमान पाणी आणायला आत जायचा आणि बाहेर येऊन बघतो तो दिवाणखान्यात एकच बल्ब, आणि त्याच्यापासून लांब कोपऱ्यातल्या खुर्चीवर मामा. ग्रुप फोटोच्या वेळी ते हमखास गायब व्हायचे. लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं दिवा तोंडावर मारला तर एकदम दचकायचे, आणि नवरा-नवरीकडे बघून चुकचुकायचे. "ज्याच्यावर उजेड पडतो ना, त्याला समोरचं काय दिसत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 

आणि भेटीला जाणं. नर्सच्या नोकरीत मी आजाऱ्यांना भेटायला येणाऱ्यांचे सगळे नमुने पाहिले आहेत. खाटेवर बसून स्वतःचंच ऑपरेशन सांगणारे, पेशंटच्याच मोसंब्या सोलून खाणारे, दारातूनच "तब्येत छान दिसतेय" म्हणून पळणारे. मामा या सगळ्यांहून वेगळे. त्यांना भेटीला जायची कला अवगत होती. हळू पावलांनी यायचे, हळू बोलायचे, फार वेळ बसायचे नाहीत. घोटाळा एवढाच की ते आजाऱ्यांकडे जायचेच, पण ज्याचं भलं झालंय त्याच्याकडेही तसेच जायचे. पिशवीत मोसंब्या, ग्लुकोजची बिस्किटं आणि पाव.

आमच्या वरच्या मजल्यावर शिंदेकाकू राहायच्या. त्यांचा विल्सन एका परदेशी कंपनीत लागला. काकूंनी कानोकान खबर लागू दिली नव्हती. तरी चौथ्या की पाचव्या दिवशी मामा हजर. मी तेव्हा शाळेत होते, काकूंकडे साखर मागायला गेले होते आणि ते बघून दारातच थिजले. मामा विल्सनच्या शेजारी बसले होते. त्याच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला होता.

"झोप लागते का रे?"

"मामा, मला काय झालंय? नोकरी लागलीय मला," विल्सन हसत म्हणाला.

"ते कळलं. झोप लागते का?"

"लागते की."

"भूक?"

शिंदेकाकू आतून लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "मामा, सलाम करते तुम्हाला, पण लेकराला असं अभद्र विचारू नका. चांगलं दोन शब्द बोला नाहीतर चहा घेऊन चला."

मामा उठले. पिशवी टीपॉयवर ठेवली. जाताना एवढंच म्हणाले, "विल्सन, काय वाटलं तर हाक मार बाबा. कधीपण." ते गेल्यावर काकूंनी त्या मोसंब्या कामवालीला देऊन टाकल्या. मी वळून विल्सनकडे पाहिलं. तो हसायचा थांबला होता. मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसला होता. मला त्या दिवशी विल्सनची भीती वाटली की विल्सनसाठी वाटली, ते अजून सांगता येणार नाही.

माझी पाळी आली ती नर्सिंगच्या परीक्षेत मी पहिली आले तेव्हा. वडील तेव्हा नुकतेच गेले होते, आणि आईनं एवढा मोठा आनंद पहिल्यांदाच पाहिला होता. तिनं कोणाचं ऐकलं नाही. मामा गावाला जायची वाट न बघता सभा ठेवली, खुर्च्या मागवल्या, नवी साडी नेसली. गीत चालू असताना मी जिन्याकडे कान लावून बसले होते. मामांच्या पायांचा आवाज मला ओळखता यायचा, डावी चप्पल घासत यायची. दुसऱ्या कडव्याला तो आवाज आला. मामांनी दारातल्या दारात ट्यूबलाइट बंद केली. पाळकसाहेबांच्या हातातलं गीताचं पुस्तक अंधारात गेलं आणि कडवं अर्ध्यावर तुटलं.

सभा संपल्यावर सगळे सामोशांकडे वळले, तेव्हा ते माझ्याजवळ आले. कपाळावर हात ठेवला. हात थंड होता. माझ्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "भीती वाटते का?"

"नाही मामा," मी म्हटलं. अठरा-एकोणीस वर्षांची होते मी. भीती कशाची वाटायची?

"वाटू दे," ते म्हणाले. "देव करो आणि वाटू दे."

एवढंच. शाप नाही, शिवी नाही. पण त्या दिवसापासून माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही चांगल्या गोष्टीला तो थंड हात चिकटला. पगार वाढला की मी आईची ब्लडप्रेशरची गोळी तपासायची. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला स्कूटर चालवू दिली नाही. मुलगी जन्मली आणि नर्सनं, म्हणजे माझ्याच मैत्रिणीनं, "छान आहे गं" म्हटलं तर मी रडायला लागले. वॉर्डची इन्चार्ज व्हायची वेळ आली तेव्हा कंबरदुखीचं निमित्त काढून मी मागे सरले. लोक म्हणायचे, किती साधी बाई आहे, कशाची हाव नाही. हाव होती हो. फक्त हावेपेक्षा भीती थोडी जास्त होती. आणि या सगळ्याबद्दल मला मामांचा राग यायचा. देवाधर्माच्या नावाखाली या माणसानं माझ्या तोंडचा घास कडू केला असं वाटायचं. तोंडावर मात्र मी कधी काही बोलले नाही.

मंडळीत मामांच्या या वेडाचं एक कारण सांगितलं जायचं. मामा तरुणपणी हेड लाइटमन झाले, त्यांनी मोठी उपकारस्तुती केली, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या हाताखालचा एक मुलगा तराफ्यावरून खाली पडून मेला. कोणी म्हणायचं मामांनी घाई केली म्हणून पडला, कोणी म्हणायचं मामा हिरोइनीशी बोलत होते. प्रत्यक्ष पाहिलेलं कोणीच नव्हतं, पण सगळ्यांना तपशील पाठ होता. देव उंच चढलेल्याला खाली आपटतो, ही आमची त्यातून झालेली समजूत. मीही तीच धरून चालले होते.

तर त्या शुक्रवारी केबिनमधून बाहेर आले ती या सगळ्यासकट. माझ्याबरोबरची परबसिस्टर, मालवणची, माझ्या आधीपासून हॉस्पिटलात आहे. तिला आधीच कळलं होतं.

"मगे? हो म्हटलंस ना?"

"सोमवारी सांगते म्हटलंय."

"डोक्यार पडलंस काय गो? खुर्ची काय तुका चावतली?"

"तू हो की मेट्रन."

"माका नको. रिटायर होऊक आलंय मी. आणि ऐक, तू नाय म्हटलंस तर ते बाहेरून कोणतरी आणतले. टाय लावणारो. मगे बसा बोंबलत सगळी." हे मात्र खरं होतं. पोरींच्या ड्युट्या कोण लावणार, कोणाला सलग नाइट देणार, कोणाची रजा कापणार, हे त्या खुर्चीवर ठरतं. मला ते काम येत होतं. आणि मला ते हवं होतं. शनिवारभर मी हवं आणि नको यांच्यामध्ये नुसती लटकत राहिले. भाजीत दोनदा मीठ पडलं. नवरा म्हणाला, "एवढं टेन्शन असेल तर नको घेऊस ना यार," आणि ते ऐकून मला त्याचा गळाच धरावासा वाटला.

रविवारी देवळात सगळ्यांसमोर विचारायचा धीर झाला नाही, म्हणून दुपारी मी मामांच्या घरी गेले. दिंडोशीला, वसाहतीत, चौथ्या मजल्यावर. जाण्यामागे माझा एक हिशेब होता. मामा नको म्हणतील. मामा नको म्हणाले की माझी सुटका. मग सोमवारी डॉक्टरांना नाही सांगायचं, आणि जन्मभर त्याचा दोष मामांना द्यायचा.

मामी दारातच कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मामा आत, खिडकीकडे पाठ करून. खूप थकले होते. गेलं वर्षभर मध्यस्थीची प्रार्थनाही ते बसूनच करायचे.

"मामा, मला मेट्रन करतायत," मी उभ्याउभ्याच म्हटलं.

त्यांनी सतरंजीकडे बोट दाखवलं. मी बसले नाही. 

"तुम्ही नको म्हणा," मी म्हटलं.

"मी कोण म्हणणार?"

"जन्मभर म्हणत आलात की! सगळ्यांना म्हणालात. विल्सनला म्हणालात, मला म्हणालात. आता मी विचारायला आलेय तर मी कोण?" माझा आवाज चढला. इतक्या वर्षांचा राग तोंडाशी आला होता. "तराफ्यावरून पोरगा पडला तो तुमच्या आयुष्यात, मामा. त्याची भीती आम्ही सगळ्यांनी का वाहायची?"

कोथिंबीर खुडायचा आवाज थांबला. "कोण पोरगा?" मामींनी बाहेरून विचारलं. "कोणी पडलं-बिडलं नाय गं. ही सगळी मंडळीची भाषणं. ह्यांच्या हाताखाली साधं कोणाचं बोट कापलं नाय कधी."

मी मामांकडे बघितलं. ते मान हलवत होते. "नाय पडलं कोणी," म्हणाले. "पडलं असतं तर बरं झालं असतं, असं बोलू नये. पण बस. सांगतो."

मी खाली सतरंजीवर बसले.

"हेड लाइटमन झालो, हे खरं. साक्ष दिली, हे पण खरं. कॅमेरावाला मला नावानं हाक मारायचा. बाकीच्यांना 'ए, ऊपरवाला' म्हणायचा, मला नावानं. मोठ्या मोठ्या बाया विचारायच्या, आज दिव्यावर कोण आहे? मी असलो तर मेकअप कमी करायच्या. एक दिवा इकडचा तिकडे केला की दहा वर्षं कमी व्हायची त्यांची. मला आवडायचं गं. फार आवडायचं. तुला खोटं कशाला सांगू."

"मग?"

"मग काय नाय. तेच तर. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे गेलो, गुडघे टेकले. तोंडानं प्रार्थना चालू, डोक्यात दुसऱ्या दिवशीचा सेट. आणि एकदम आठवलं की आपण देवाशी बोललोच नाय. किती दिवस? म्हटलं आठवू. महिना, दोन महिने, वर्ष. लागेना पत्ता. देवळात येत होतो, दान देत होतो, कमिटीवर होतो, आणि आत कोणच नव्हतं. आता तू म्हणशील, मग देवानं शिक्षा केली असेल."

"केली ना?"

"नाय केली!" मामा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मी मागे सरकले. "काही म्हणजे काही नाय केली. त्याच वर्षी हिचं ऑपरेशन झालं, झकास झालं. ही खोली मिळाली. पगार वाढला. मी ज्याला सोडलं, त्यानं हूं की चूं केलं नाय. पडलो असतो तर ओरडलो असतो ना, प्रभू धर म्हणून. पडलोच नाय गं पोरी. सगळं इतकं ठीक चाललं होतं की मला कळलंच नाय, माझा हात सुटलाय." त्यांनी तोंड पुसलं. "प्रभूला उंच डोंगरावर नेऊन सगळं जग दाखवणारा तो सैतान, माहितीय ना? तो कोणाला ढकलत नाय. तो म्हणतो, बस इथेच निवांत."

दुपारच्या उन्हात, खाली मुलांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालू असताना, मला इतकी भीती वाटली की उठून मामींच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. देव आपटतो, ही भीती मला ओळखीची होती, तिच्याबरोबर मी संसार केला होता. आपटत नाही, ही भीती नवी होती.

"मग सोडलंत का ते काम?" मी विचारलं.

"कशाला सोडू? रिटायर होईस्तोवर केलं. चांगलं करायचो मी."

"आणि लोकांना का घाबरवत फिरलात?"

 मामा लहान मुलासारखं म्हणाले, "एकट्याला भीती वाटायची म्हणून. वाटलं, सगळे मिळून घाबरलो तर कोणतरी मला पण विचारेल. कोणी नाय विचारलं. उलट मान द्यायला लागले. अख्ख्या मंडळीत माझ्याएवढा वचक कोणाचा आहे, सांग? पाळकसाहेब माझ्यासमोर शब्द जपून वापरतात. मी शेवटच्या बाकावर बसतो आणि सगळ्या माना माझ्याकडे. ही पण एक खुर्चीच की. आणि ही पण आवडते मला." ते हसले, पण डोळे भरले होते. "तू घे. तुला येतं ते काम. नाय म्हटलंस तर मला घाबरून नाय म्हटल्यासारखं होईल. देवाला घाबरून नाय."

"आणि माझा हात सुटला तर?"

"सुटेल," मामा म्हणाले. "मी विचारत राहीन तुला."

मामींनी कोथिंबीर आत आणली आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, "झालं का रडून? चहा टाकते."

सोमवारी मी डॉक्टरांना हो म्हटलं. उपकारस्तुती केली नाही, आईनं महिनाभर अबोला धरला. मामा अधूनमधून फोन करायचे. "काय मेट्रन," म्हणायचे, "आहे का कोणी आत?" मी कधी खरं सांगायची, कधी "आहे आहे" म्हणून वेळ मारून न्यायची. खोटं बोलले तर त्यांना कळायचं. "बरं," म्हणायचे आणि फोन ठेवायच्या आधी थोडा वेळ नुसते थांबायचे. त्या थांबण्यातच मी कपाटाच्या आड तोंड करून दोन शब्द का होईना, देवाशी खरे बोलून घ्यायची.

नाताळच्या आधी मामा गेले, झोपेतच. देवळात उभं राहायला जागा नव्हती. ज्यांनी ज्यांनी त्यांच्यापासून बढत्या लपवल्या होत्या ते सगळे आले होते, गाड्या घेऊन. पाळकसाहेबांनी उपदेशात मामांच्या आयुष्याला "खऱ्या अर्थानं यशस्वी जीवन" म्हटलं. मामी माझ्या शेजारी होत्या. पदराआडून त्या पुटपुटल्या, "ऐकायला नाहीत ते बरंय. आत्ता उठून बसले असते." मला तशातही हसू फुटलं, आणि मग आवरेना इतकं रडू.

त्यानंतर मी कामात बुडाले. काम चांगलं चाललं होतं. पोरी खूश होत्या, परबसिस्टर "बघ, मी काय म्हटललंय?" म्हणून सगळ्यांना ऐकवत होती. गेल्या महिन्यात हॉस्पिटलची मोठी तपासणी झाली. बाहेरची माणसं येऊन सगळं उलटंपालटं करून गेली आणि आमच्या नर्सिंगला नाव ठेवायला त्यांना जागा सापडली नाही. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. केक आला. मीही दोन शब्द बोलले, आणि देवाची कृपा वगैरे त्यात आलंच.

संध्याकाळी रिक्षानं घरी निघाले. दिंडोशीच्या सिग्नलला रिक्षा अडकली. फोनवर अभिनंदनाचे निरोप धो धो येत होते, मंडळीच्या ग्रुपवर तर फुलांचा पाऊस. मी एकेक वाचत होते, पुन्हा मागे जाऊन वाचत होते. आणि वाचता वाचता सहज मनात आलं, आज सकाळी प्रार्थना केली होती का आपण? नव्हती. काल? काल तपासणीची तयारी होती. रविवारी? देवळात गेले होते, पण उपदेश चालू असताना ड्युटीचा तक्ता मनात जुळवत होते. मी मागे मागे जात राहिले. मामांच्या अंत्यविधीच्या दिवशी तरी? तेव्हा लोकांना चहा पुरेल का ते बघत होते. हाताला कुठेच काही लागेना. आणि एवढ्या दिवसांत बिघडलं होतं काय? आईचं ब्लडप्रेशर उत्तम. मुलीला हव्या त्या कॉलेजात जागा मिळालेली. नवरा सुखरूप. कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

माझे हात कापायला लागले. फोन मांडीवरून खाली पडला, तो उचलता येईना. त्यात एवढे निरोप होते, एवढी माझी माणसं होती, आणि प्रत्येक जण माझ्यासाठी खूश होता. माझ्यासाठी घाबरणारं त्यात एकही नव्हतं. होते ते एकच, आणि त्यांना आम्ही फुलांत झाकून ठेवून आलो होतो.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "मॅडम, तबियत ठीक है ना? साइड में लूँ क्या?"

"नही भैया, सब ठीक है," मी म्हटलं. ते अगदी खरं होतं, आणि म्हणूनच हातांचं कापणं थांबत नव्हतं.